नजरचुकीने झालेली टाकी

भावोजी,

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याच वर्तमानपत्रात तुमची बातमी आली. चार ओळी, आतल्या पानावर, शेगड्यांच्या जाहिरातीखाली. 'ज्येष्ठ पत्रकार' असं लिहिलं होतं. पत्रकार म्हटलेलं तुम्हाला कधी खपलं नाही. तुम्ही चौथं पान होता. सगळं ऑफिस तुम्हाला त्याच नावाने हाक मारायचं. पण ते सांगायला त्या ऑफिसात जुनं कोणी उरलेलंच नाही.

म्हणून मी बसले आहे लिहायला. मला गोड लिहिता येत नाही, आणि माणूस मेला की त्याला एकदम देवमाणूस करून टाकायचं हेही मला पटत नाही. जे होतं ते सांगते. वाचणाऱ्यांना तुम्ही माहीत नाही, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा ऐकून घ्यावं लागेल. चुळबूळ करू नका.

तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीचे नवरे. आमच्या दारात पहिल्यांदा आलात तेही बातमीच्या मागे. शेजारच्या गवळ्याच्या वासराचं डोकं आमच्या फाटकाच्या गजांत अडकलं होतं. वासरू ओरडत होतं, गवळी वासरापेक्षा मोठ्याने ओरडत होता, आणि एक किडकिडीत तरुण कागद-पेन्सिल घेऊन आमच्या वडिलांना विचारत होता, "फाटक कोणत्या साली बसवलं?" वडिलांनी तुमच्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर पळाला असता. धाकटी खिडकीत उभी होती, ती हसली. तुम्ही वर पाहिलंत. मग लोहार आला, त्याने गज कापले, आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'वासरू सुखरूप. फाटकाला दुखापत.' वडील पुढे कितीतरी दिवस त्या फाटकावरून तुम्हाला बोल लावत होते, अगदी तुम्ही जावई झाल्यावरही.

चौथ्या पानावर 'आसपास' नावाचा एक उभा रकाना असायचा, तो तुमचा. ऑफिसच्या जिन्याखाली तुमचं टेबल होतं. वरून कोणी उतरलं की तुमच्या कागदांवर धूळ पडायची, आणि उठताना डोकं आपटू नये म्हणून तुम्ही मान डावीकडे कलती करून उठायचात. पुढे घरीसुद्धा तसेच उठायला लागलात, जिथे वर काही नव्हतं. डिंकाची बाटली, पट्टी, कात्री, आणि भिंतीला लागून नगरपालिकेच्या प्रसिद्धिपत्रकांचा गठ्ठा. पहिल्या पानावर सरकारं पडायची. तुमच्या पानावर शिंप्याची कात्री चोरीला जायची आणि आठवड्याने धार लावून दारात ठेवलेली सापडायची. बागेतल्या बाकांना रंग दिला, पाटी लावायची राहिली, आणि तिघा म्हाताऱ्यांच्या पाठीवर हिरवे पट्टे उमटले, हे गावाला तुमच्यामुळे कळलं. टपालपेटीत माश्यांनी पोळं केलं तेव्हा तुम्ही पुन्हा पुन्हा जाऊन पाहून आलात, कारण त्या मधमाश्या की गांधीलमाश्या यावर पोस्टमन आणि पानवाला यांचं एकमत होत नव्हतं. हाताला डंख घेऊन घरी आलात आणि धाकटीला म्हणालात, "गांधीलमाश्या. खात्री झाली."

लोक हसायचे. वर्तमानपत्र हातात आलं की आधी चौथं पान उघडायचे. पण तुम्ही स्वतः कधी विनोद केला नाहीत, भावोजी. हे मी इथे ठासून लिहून ठेवते, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं. तुम्हाला त्या कात्रीची खरोखर काळजी वाटायची.

आता तुमचं इंग्रजी. ते तुम्ही शिकलात नगरपालिकेची पत्रकं, बँकेची पत्रं आणि औषधांची खोकी यांच्यावरून. मी मुलींच्या शाळेत हयातभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तुम्ही शंका घेऊन माझ्याकडे यायचात, धाकटीला बरोबर घेऊन, म्हणजे मला नाही म्हणता येऊ नये.

"ताई, इंग्रजीत 'कितवा' कसं विचारायचं?"

"विचारायचं नाही."

"म्हणजे?"

"शब्दच नाही त्यांच्याकडे."

"मग मुलगा वर्गात कितवा आला हे विचारत नाहीत?"

"विचारत असतील. लांबून वळसा घालून."

"बिचारे," तुम्ही म्हणालात, आणि ते अगदी मनापासून होतं. मग थोड्या वेळाने, "आणि 'यू' म्हणजे तू की तुम्ही?"

"दोन्ही."

"मग भांडण झालंय हे कळतं कसं?"

धाकटी म्हणाली, "ताई, यांना चहा दे, नाहीतर हे उठायचे नाहीत." ही सगळी कुतूहलं तुम्ही रकान्याच्या तळाशी, जागा उरली की, 'इंग्रजीची गंमत' म्हणून छापायचात. 'लुक ओव्हर' म्हणजे नीट बघणे, 'ओव्हरलुक' म्हणजे बघायचे सोडून देणे. त्याच दोन शब्दांची नुसती अदलाबदल. गावाची समजूत झाली की चौथ्या पानाला इंग्रजी कोळून प्यायल्यासारखं येतं. ती समजूत चुकीची होती. मी तुम्हाला तसं तोंडावर सांगितलं होतं, आणि तुम्ही हो म्हणाला होता.

तुमच्या समोरच्या बिऱ्हाडात ओव्हरसियर राहायचे. नगरपालिकेच्या नोकरीत गटारं, मोऱ्या आणि फुटपाथ यांतच त्यांचा जन्म गेला. गटार वाहतं तोवर कोणी नाव काढत नाही, तुंबलं की सगळे नाव काढतात, असलं ते काम. संध्याकाळी तुम्ही दोघं मधल्या पॅसेजमध्ये उलट्या खोक्यावर बुद्धिबळाचा पट मांडायचात. मी धाकटीकडे आले की तुमचं बोलणं कानावर पडायचं.

"काय रे बातम्या, आज कोणाची कोंबडी हरवली?"

"कोंबडी नाही. तुझ्या खात्याचा रोड रोलर. दिसत नाही म्हणतात."

"हरवलेला नाही, बंद पडलाय. छापू नकोस."

"कुठे बंद पडलाय?"

"ते शोधतोय. तू चाल कर."

इतकं अरे-तुरे तुम्ही दुसऱ्या कोणाशी करत नव्हता. स्वतःच्या भावालाही तुम्ही अहो म्हणायचात.

मग पूर्वेच्या वस्तीसाठी पाण्याची टाकी बांधायचं निघालं आणि ते काम ओव्हरसियरांकडे आलं. गटारांतून एकदम आभाळाकडे. माणूस बदलून गेला. स्लॅब ओतला तेव्हा ते घरी जेवायलाही येईनात. मजूर पाणी मारायला चुकतील म्हणून स्वतः झारी घेऊन वर चढायचे. त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "ह्यांनी मुलीला कधी इतकं न्हाऊ घातलं नाही." टाकीच्या पायथ्याशी दगडी पाटी बसायची होती. वर पुढाऱ्यांची नावं, आणि सर्वांत खाली, लहान अक्षरांत, देखरेख करणाऱ्याचं. पाथरवटाने ती कोरूनही आणली होती. ओव्हरसियर तुम्हाला ती दाखवायला घेऊन गेले. तुम्ही परत येऊन धाकटीला म्हणालात, "त्याच्या नावातली वेलांटी जरा बारीक झालीये, पण मी बोललो नाही. फार खुशीत होता."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नगरपालिकेचं पत्रक तुमच्या टेबलावर पडलं. इंग्रजीत. नेहमीचा कारकून 'सुपरव्हिजन' लिहायचा. या वेळी कोणाला तरी अनुप्रासाची हौस आली. ओव्हरसियरच्या 'ओव्हरसाइट'खाली टाकी वेळेत पूर्ण झाली, असं त्याने लिहिलं. आता या शब्दाचं असं आहे की तो दोन्हीकडून बोलतो. त्याचा अर्थ देखरेखही होतो आणि नजरचूकही होते. पण आपल्याकडे तो भेटतो कुठे? बँकेच्या पत्रात. 'ओव्हरसाइट'मुळे आपल्या खात्यात अमुक झाले, क्षमस्व. तुम्हाला तो तेवढाच भेटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने वाचलं: 'पूर्वेच्या वस्तीतील पाण्याची टाकी ओव्हरसियरांच्या नजरचुकीने वेळेत पूर्ण झाली.'

मी तुम्हाला नंतर विचारलं, की हातून लिहिलं जाताना काही खटकलं नाही का. तुम्ही म्हणालात, "खटकलं ना, ताई. पण माझ्या पानावर खटकणारंच तर येतं. मला वाटलं, नगरपालिका प्रामाणिकपणे कबूल करतेय."

गाव हसून लोळलं. न्हाव्याच्या दुकानात एकाने ते मोठ्याने वाचलं आणि खुर्चीतल्या माणसाचा कान कापता कापता वाचला. नळाला पाणी आलं की बायका म्हणायच्या, आलं बाई नजरचुकीने. उद्घाटनाला मोठे साहेब आले, त्यांनी भाषणात तेच वाक्य वाचलं आणि टाळ्या घेतल्या. आणि त्याआधी, सकाळीच, कोणीतरी शहाण्याने सुचवलं होतं की पाटीवर ओव्हरसियरचं नाव राहिलं तर लोक दगडासमोर उभे राहून हसतील, पुढाऱ्यांची शोभा जाईल. पाथरवटाला बोलावून खालची ओळ घासून काढली. ओव्हरसियर तिथेच उभे होते. हे वहिनींनी धाकटीला सांगितलं आणि धाकटीने मला.

त्या संध्याकाळी तुम्ही पट मांडून बसला होता. माफी मागायची म्हणून पांढऱ्या सोंगट्या त्यांच्या बाजूला ठेवल्या होत्या. ते वर्तमानपत्र घेऊन आले.

"हे आपण लिहिलंत?"

तुम्ही मागे वळून पाहिलंत, धाकटी सांगायची, की पाठीमागे कोण उभं आहे.

"अरे, त्या शब्दाचा मला दुसरा अर्थ..."

"लोकांना इंग्रजीच्या गमती शिकवता आपण. आपल्याला अर्थ माहीत नव्हता?"

"नव्हता रे. शपथ."

"गावात सगळ्यांना हसून झालं होतं आपलं. मीच राहिलो होतो."

एवढं बोलून ते आत गेले आणि दार हळू लावून घेतलं. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं धाकटीचं म्हणणं.

इथेच सगळी गोम होती. तुम्ही चुकलात म्हणून ते रागावले नव्हते. तुम्ही मुद्दाम केलंत, चार लोकांना हसवायला मित्र विकलात, असं त्यांना वाटलं. आणि तुमचं पान पाहता तसं कोणालाही वाटलं असतं.

तुम्ही संपादकांकडे गेलात. तो प्रसंग तुम्ही मला कितीदा तरी ऐकवला आहे.

"दुरुस्ती छापायची आहे."

"चौथ्या पानाला? अहो, चौथं पान कोणी खरं धरत नाही."

"ज्याच्याबद्दल असतं तो धरतो."

"लोक विसरत आलेत. तुम्ही आठवण करून देणार."

"द्यायची आहे."

शेवटी ते कंटाळून हो म्हणाले. तुम्ही रात्रभर त्या दुरुस्तीवर बसलात आणि अत्यंत गंभीरपणे लिहिलंत: 'टाकीविषयीच्या वृत्तात "नजरचुकीने" हा शब्द नजरचुकीने पडला. तो "देखरेखीखाली" असा वाचावा.' कंपोझिटर खिळे जुळवताना इतका हसला की त्याला दोनदा जुळवावं लागलं. तुम्हाला कळेना का हसतो. गावाला दुसऱ्यांदा मेजवानी मिळाली. आता ते म्हणायला लागले, नजरचुकीने नजरचुकीने. ओव्हरसियर त्या दिवसापासून मागच्या जिन्याने ये-जा करू लागले, जिथे भंगीकाम करणाऱ्यांच्या बादल्या असायच्या आणि दिवा नसायचा.

मी तेव्हाच तुम्हाला म्हटलं होतं, दार वाजवा, आत जा, भांडा, काय व्हायचं ते होऊ द्या. तुम्ही म्हणालात, "त्याचा राग निवळू दे." राग निवळतो, भावोजी. अपमान निवळत नाही, तो बसतो. पण तुम्हाला घाई करणं म्हणजे भिंतीला घाई करणं.

बायकांचं बोलणं चालूच होतं. वहिनी निरोप आणायच्या, "हे विचारतात, आपल्याकडच्या नळाला पाणी नीट येतं का." तुम्ही धाकटीला विचारायचात, "नक्की 'आपल्याकडच्या' म्हणाला?" ती म्हणायची, "हो हो, म्हणाले. आता जेवा." कधी कधी ती तुमच्यासाठी खोटं बोलायची, म्हणायची की 'त्याच्याकडच्या' म्हणाले. मग तुम्ही भात मागून घ्यायचात.

ओव्हरसियर निवृत्त झाले, गावाच्या दुसऱ्या टोकाला मुलीकडे राहायला गेले. समोरच्या बिऱ्हाडात एक विमा एजंट आला. त्याला बुद्धिबळ येत नव्हतं, तुम्ही विचारून पाहिलंत. पुढे नवे संपादक आले आणि चौथ्या पानावर सिनेमानट्यांचे फोटो छापू लागले. तुमचा रकाना गेला आणि पाठोपाठ तुम्हीही घरी बसलात. निरोपाला तुम्हाला घड्याळ दिलं. तुम्ही रस्त्यात दिसलेल्या बातम्या धाकटीला सांगायला लागलात. ती ऐकायची. मग तिचं दुखणं उपटलं आणि तीही गेली.

त्या दिवशी ओव्हरसियर आले होते. काठी टेकत, मुलीचा हात धरून. तुमच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्याला काही लागलं तर कळवा." थोडा वेळ थांबून गेले. मी स्वयंपाकघरात आलेल्या लोकांसाठी पाणी भरत होते. तुम्ही मागून आलात आणि हळूच म्हणालात, "ताई, आजसुद्धा 'आपल्याला'."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाहेर माझी बहीण पडली आहे आणि हा माणूस सर्वनामं मोजत बसला आहे. काहीतरी तोडून बोलणार होते. मग तुमच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला तुमच्या हातात दिला. तुम्ही तो घेऊन तसेच उभे राहिलात.

त्यानंतर वर्षभराने तुम्ही माझ्याकडे आलात. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा.

"ताई, एक काम होतं. माझ्याबरोबर त्याच्याकडे चला."

"मी कशाला?"

"तुम्ही इंग्रजीच्या बाई. तुम्ही सांगितलंत तर पटेल त्याला. डिक्शनरी घ्या, दोन्ही अर्थ दाखवा, आणि सांगा की याला एकच येत होता."

"म्हणजे तुम्ही अडाणी आहात असं सर्टिफिकेट द्यायचं."

"हो. तेवढंच."

"इतकी वर्षं का नाही विचारलंत?"

"लाज वाटत होती."

"कशाची?"

"अडाणीपणाची," तुम्ही म्हणालात. "आता नाही वाटत."

मी डिक्शनरी पिशवीत घातली. मोठी, दोन भागांची. तो शब्द दुसऱ्या भागात येत असल्यामुळे एकच भाग उचलावा लागला, तेवढं नशीब. आपण निघालो. तुमचा गुडघा आणि माझी कंबर, त्यामुळे थांबत थांबत. वाटेत तुम्ही मला एका दुकानाची पाटी दाखवलीत, 'येथे जुने चष्मे नवे करून मिळतील, मालक दिसल्यास', आणि पूर्वी असतं तर दोन ओळी केल्या असत्या म्हणालात. बोलत होता, हसत होता. मुलीच्या घराच्या गल्लीशी आलो. ओव्हरसियर ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले दिसले, रस्त्याकडे तोंड करून. नजर अधू झाली होती, त्यांनी आपल्याला पाहिलं नाही.

तुम्ही थांबलात.

"चला," मी म्हटलं.

"ताई, तो 'या' म्हणेल."

"म्हणू दे. त्यासाठीच तर चाललोय."

"नाही, म्हणजे आपण तिथे पोचलो की आधी तो 'या' म्हणेल. 'ये' नाही म्हणणार. तुम्ही डिक्शनरी उघडायच्या आधीच म्हणेल."

"मग काय झालं?"

"ते ऐकून मला पुढे बोलता यायचं नाही."

मी तुम्हाला रस्त्यात उभं करून फैलावर घेतलं. म्हातारे झालात, अक्कल कधी यायची, कंबर मोडून मी हे ओझं इथवर आणलं ते काय वजन वाढतंय का घटतंय ते बघायला. एक सायकलवाला वळून पाहत गेला. तुम्ही खाली मान घालून ऐकलंत. मग म्हणालात, "पुढच्या आठवड्यात नक्की. आज तयारी नाही झाली." आणि माझ्या हातातली पिशवी घेतलीत.

पुढच्या आठवड्यात तुम्हाला ताप होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी निरोप पाठवला की येते, तयार राहा. तुम्ही उलट निरोप पाठवलात की सदरा धोब्याकडे आहे. मग एका सकाळी तुमच्या समोरच्या विमा एजंटाचा फोन आला. तुम्ही चहा करायला उठला होता, म्हणाला, आणि तिथेच बसलात.

ओव्हरसियर आले होते. मला वाटलं नव्हतं येतील. लोक कमी होते, त्यामुळे ते सरळ माझ्यापर्यंत आले. मुलीने त्यांच्या कानाशी सांगितलं, ह्या थोरल्या मेव्हणी. त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली आणि विचारलं, "केव्हा गेला?"

'गेले' नाही. मी म्हटलं, "पहाटे."

"चहा घ्यायचा राहिला म्हणे त्याचा."

"हो."

ते मान हलवत उभे राहिले. मला तेव्हाच सांगता आलं असतं. ओव्हरसाइटला दोन अर्थ आहेत आणि याला एकच येत होता. दोन वाक्यांचं काम. पण सांगायचं होतं ते तुमच्या समोर, तुम्ही शेजारी उभे असताना, म्हणजे जे काही उत्तर आलं असतं ते तुमच्या कानावर पडलं असतं. मुलगी म्हणाली, बाबा, रिक्षा थांबलीये. ते गेले.

ते अजून आहेत, ओट्यावर बसतात असं ऐकते. लोक मला म्हणतात, जाऊन सांगून या, म्हाताऱ्या माणसाचं मन हलकं होईल. त्यांच्या मनाचं त्यांनी बघावं. डिक्शनरीचा दुसरा भाग तुमच्याकडेच राहिला आहे, त्या दिवशी पिशवी तुम्ही घेऊन गेलात ती. तुमचं घर आता बंद आहे, किल्ली माझ्याजवळ आहे, आणि मी आणायला गेलेले नाही.